‘डू’ म्हणजे आपला ‘का’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना आत्ताच सांगितलं गेलं, “इटालियन लोकांना इंग्रजी शिकवणारी किन्हवलीची मुलगी.” तुम्ही हसलात, टाळ्याही वाजवल्यात. हसण्यासारखंच आहे ते. बाई किन्हवलीची, भाषा इंग्रजांची, विद्यार्थी इटलीचे आणि वर्ग भरतो पुण्यात! पण त्यामागे गूढ काही नाही. पुण्याच्या आसपास चाकण, रांजणगाव या भागांत इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत. तिथे काही इंजिनियर दोन-तीन वर्षांसाठी येतात, सोबत बायकामुलं येतात. आपल्याला वाटतं, गोरा माणूस म्हणजे इंग्रजी येणारच. तसं नसतं. इटलीत घरात इटालियन, दुकानात इटालियन, टीव्हीवर इटालियन. शाळेत इंग्रजी शिकलेली असते, पण बोलायची वेळ आलेली नसते. पुण्यात आल्यावर मात्र वॉचमनशी, डॉक्टरशी, मुलांच्या शाळेशी इंग्रजीतच बोलावं लागतं. अशा बायकांना आणि काही पुरुषांना मी दहा वर्षं अगदी पहिल्या धड्यापासून इंग्रजी शिकवलं.

आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे: आपल्या शाळेतल्या मुलांच्या इंग्रजीसाठी माजी विद्यार्थ्यांनी काय करावं? त्याचं उत्तर मी माझ्या इटालियन विद्यार्थ्यांच्या वाटेने देणार आहे. थोडा वळसा पडेल, पण पोहोचू.

पहिली गोष्ट आपल्या नाक्यावरची. स्टँडवर ज्या तीनचाकी उभ्या असतात त्यांना आपण ‘आपे’ म्हणतो. इंग्रजी शिकलेला माणूस गाडीवरची अक्षरं वाचून ‘एप’ म्हणतो, म्हणजे माकड. ही गाडी पियाजिओ कंपनीने १९४८ मध्ये इटलीत काढली आणि पुढे आपल्या बारामतीला तिचा कारखाना झाला. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी. त्याच कंपनीची स्कूटर ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी. आपला एक वर्गमित्र आज इथे बसला आहे. दहावीला तो इंग्रजीत राहिला आणि पुढे अनेक वर्षं त्याने हीच गाडी चालवली. त्याची परवानगी घेऊनच सांगते. तो ‘आपे’ म्हणतो तो उच्चार अस्सल इटालियन आहे. ‘एप’ म्हणणाऱ्या पदवीधरांचा चुकतो.

आता वर्गात चला. पहिल्या दिवशी मी टेबलावर पाच वस्तू ठेवायचे: बटाटा, अननस, पाव, साबण आणि चावी. त्यांची मराठी नावं सांगायचे. बायका चकित व्हायच्या, कारण त्यांच्याकडे बटाट्याला ‘पाताता’, अननसाला ‘आनानास’, पावाला ‘पाने’, साबणाला ‘सापोने’ आणि चावीला ‘क्यावे’ म्हणतात. आपला ‘पगार’ आणि त्यांचं ‘पागारे’, म्हणजे पैसे देणं, हेही एकाच घरातले. कारण साधं आहे. हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले, आणि त्यातले बरेचसे पोर्तुगीज व इटालियन या लॅटिनच्या दोन्ही लेकींना आईकडूनच मिळालेले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण त्यांची चावी आणि साबण आपल्या घरात राहिले. आणि जेवताना पानात वाढणाऱ्याला आपण हात आडवा करून ‘बास’ म्हणतो ना, तिथे ते ‘बास्ता’ म्हणतात. हा मात्र निव्वळ योगायोग, कारण आपला ‘बास’ फारसीतून आलेला आहे.

इंग्रजीच्या वर्गात मराठी शब्द कशाला, असं तुम्हाला वाटेल. भाजीवालीकडे उपयोग होतो हे एक. पण खरं कारण वेगळं. नवशिका माणूस कोऱ्या पाटीसारखा येत नाही. तो स्वतःची एक पूर्ण भाषा घेऊन येतो आणि नवी भाषा त्याच भाषेच्या साच्यात ओततो. त्याच्या चुका तिथून येतात. चूक कुठून आली हे ज्या शिक्षकाला दिसतं, त्याचं अर्धं काम झालं.

उदाहरणं देते. इटालियन माणूस बाहेर बघून म्हणतो, “इज रेनिंग.” ‘इट’ गाळतो. कारण त्यांच्याकडे ‘प्योवे’ या एका शब्दात पाऊस पडून जातो. क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो, म्हणून ‘मी’, ‘तू’ बोलावंच लागत नाही. आपलंही तसंच आहे. “कुठे चाललास?” “शाळेत चाललोय.” यात ‘तू’ही नाही आणि ‘मी’ही नाही, तरी कुणाचं काही अडलं नाही. मग आपला मुलगा “गोइंग टू स्कूल” एवढंच म्हणतो, तेव्हा तो आळशीपणा करत नसतो. तो मराठीचा नियम पाळत असतो. फक्त त्याला कुणीतरी सांगायला हवं, “बाळा, इंग्रजी क्रियापदाची शेपटी झडलेली आहे. ‘गो’वरून कोण जातंय ते कळत नाही, म्हणून तिथे ‘आय’, ‘यू’, ‘वुई’ दर वेळी म्हणावं लागतं.”

इटालियन बाई म्हणते, “आय हॅव थर्टी इयर्स.” त्यांच्यात वय ‘असतं’, जसे खिशात पैसे असतात. भूकही त्यांच्याकडे असते, म्हणून “आय हॅव हंगर.” आपल्याला भूक ‘लागते’. इंग्रज मात्र स्वतःच भुकेला ‘होतो’: “आय ॲम हंग्री.” त्यात इटालियन जिभेवर ‘ह’ येत नाही, त्यामुळे ‘हंग्री’चं ‘अँग्री’ होतं. माझी एक विद्यार्थिनी रोज दुपारी एक वाजता हसतमुखाने सांगायची की ती फार रागावली आहे. आम्ही डबे उघडायचो.

शब्दही फसवतात. त्यांच्या भाषेत ‘कामेरा’ म्हणजे खोली आणि ‘पारेंती’ म्हणजे नातेवाईक. एकीने मला सांगितलं, तिच्या लग्नाला चाळीस पेरेंट्स आले होते. आपलंही असंच होतं. निघताना ‘जातो’ म्हणणं आपल्याकडे अशुभ, म्हणून ‘येतो’. आपला मुलगा निघताना “आय ॲम कमिंग” म्हणतो आणि समोरचा वाट बघत बसतो.

प्रश्न विचारणं हा सगळ्यात अवघड घाट. इटालियन माणूस वाक्य तेच ठेवतो, फक्त सूर चढवतो, की झाला प्रश्न. “यू लाइक टी?” आपण शेवटी ‘का’ लावतो: “तुला चहा आवडतो का?” इंग्रजीत मात्र मध्येच ‘डू’ उपटतो. त्याचा अर्थ विचारला तर व्याकरणाच्या पुस्तकात मिळतं ‘सहायक क्रियापद’. नवशिक्याला त्यातून काय कळणार? इटालियन विद्यार्थ्याला यासाठी द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, कारण त्यांच्या भाषेत त्या जागी काही नाही. पण मराठी मुलाला द्यायला आहे. ‘डू’ म्हणजे आपला ‘का’. फरक इतकाच की आपला ‘का’ पंगतीत शेवटी बसतो आणि त्यांचा पहिल्या पाटावर. “डू यू लाइक टी?” झालं.

त्याच्या पुढचा खड्डा म्हणजे ‘डझ’. “शी लाइक्स टी,” पण “डझ शी लाइक टी?” तो ‘स’ कुठे गेला? मी सांगते, घरात छत्री एकच आहे. ‘डझ’ ती घेऊन बाहेर पडला, आता ‘लाइक’ला बिनछत्रीचं राहावं लागणार. भूतकाळालाही हीच छत्री. “यू वेंट,” पण “डिड यू गो?” पावसाळ्यात किन्हवलीतल्या कुठल्या मुलाला हे समजणार नाही?

तिसरी अडचण ‘अ’ आणि ‘द’ची. इटालियन भाषेत असे शब्द ढीगभर आहेत, म्हणून ते ‘द’ नको तिथेही घालतात: “द लाइफ इज ब्युटिफुल.” मराठीत ते नाहीत, म्हणून आपण हवे तिथेही गाळतो: “आय हॅव पेन.” पण मराठीत खरंच नाहीत का? आजीची गोष्ट आठवा. “एक होता कोल्हा. तो कोल्हा रानात गेला.” पहिल्यांदा ‘एक’, कारण ऐकणाऱ्याला तो अजून माहीत नाही. दुसऱ्यांदा ‘तो’, कारण आता ओळख झाली. हेच ‘अ’ आणि ‘द’. कोणता ते ऐकणाऱ्याला माहीत असेल तर ‘द’, नसेल तर ‘अ’. यापुढे बारकावे पुष्कळ आहेत, पण पहिलं वर्ष एवढ्यावर निघतं.

आणि मग येतो मान. इटालियन लोकांत ओळखीच्याला ‘तू’ आणि मानाच्या माणसाला ‘लेई’. गंमत म्हणजे ‘लेई’चा दुसरा अर्थ ‘ती’. आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. आपल्या मुलांना सरांना ‘यू’ म्हणायला जीभ रेटत नाही, आणि त्यात त्यांचे संस्कार दिसतात. त्यांना सांगावं लागतं की इंग्रजीत मान सर्वनामात नसतो, ‘प्लीज’, ‘कुड यू’, ‘मे आय’ यांत असतो. ‘प्लीज’ला आपल्याकडे काय आहे? ‘कृपया’ फक्त रेल्वे स्टेशनवर ऐकू येतं. घरातला शब्द आहे ‘जरा’. “जरा पाणी देता का?” यातला ‘जरा’ म्हणजे ‘प्लीज’. इटालियन माणसाचा गोंधळ तिसराच. ‘प्रेगो’ हा त्यांचा एकच शब्द ‘घ्या ना’लाही चालतो आणि आभाराला उत्तर म्हणूनही. त्यामुळे आपण ‘थँक यू’ म्हटलं की ते म्हणतात, ‘प्लीज’.

आता मुद्द्यावर येते. या सगळ्यातून मला दिसलं ते असं. चुकांच्या बाबतीत इटलीचा इंजिनियर आणि आपल्या पाड्यावरचा सहावीचा मुलगा यांच्यात काहीही फरक नाही. “शी गो मार्केट” दोघंही म्हणतात. फरक त्यानंतर होतो. इटालियन माणूस चुकीचं वाक्य दोन्ही हात हलवत, मोठ्या आवाजात, पूर्ण करतो. समोरचा समजून घेतो, तो पुढे जातो आणि सहा महिन्यांत बोलायला लागतो. आपला मुलगा चुकीच्या पहिल्या शब्दाला थांबतो, इकडेतिकडे बघतो, कुणी हसलं की खाली बसतो. मग दहावीपर्यंत उठत नाही. इटालियन माणसाच्या चुकीला आपण ‘ॲक्सेंट’ म्हणतो, कौतुकाने ऐकतो. आपल्या मुलाच्या चुकीला ‘ढ’ म्हणतो.

ही लाज इंग्रजीपासून सुरू होत नाही, आधीच सुरू झालेली असते. आपल्याकडे ‘शाला’ म्हणतात, ‘पानी’ म्हणतात, ‘डोला’ म्हणतात. कॉलेजात मी पहिल्यांदा ‘आमची शाला’ म्हटलं तेव्हा वर्ग हसला होता, आणि नंतर बरेच दिवस मी मोजकंच बोलायचे. तेही मराठीत! कातकरी वाडीवरच्या मुलाचा विचार करा. त्याच्या घरात कातकरी बोलतात. पुस्तकातली मराठी ही त्याची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. घरचे वीटभट्टीवर गेले की त्याचे शाळेचे महिने बुडतात ते वेगळंच. तो तीन भाषांचा भार उचलतो आणि आपण त्याला कच्चा म्हणतो.

आम्ही इंग्रजी पाचवीत सुरू केलं. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून आहे. म्हणजे आजच्या दहावीच्या मुलापाशी दहा वर्षांचं इंग्रजी जमलेलं असतं. शब्द असतात, स्पेलिंग असतात, निबंध पाठ असतात. तोंड तेवढं उघडलेलं नसतं. मग आईबाप म्हणतात, मराठी शाळेतच खोट आहे, आणि पोराला दूरच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. त्यांच्यावर मी टीका करणार नाही, पोराच्या भल्यासाठीच ते पैसे मोडतात. पण एवढं नक्की सांगते की मराठी चांगली येणं ही इंग्रजी शिकण्यातली अडचण नाही. ‘का’, ‘जरा’, ‘एक होता कोल्हा’, हे सगळं ज्याच्यापाशी आहे त्याला ‘डू’, ‘प्लीज’ आणि ‘द’ समजावून देता येतं. ज्याला धड कुठलीच भाषा बोलू दिलेली नाही, त्याला कशाच्या आधारावर शिकवणार?

आपल्याला पाचवीत इंग्रजी शिकवणारे सर पहिल्या रांगेत बसले आहेत. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. ते आधी आपल्या बोलीत वाक्य म्हणवून घ्यायचे आणि मग इंग्रजीत फिरवायचे. त्या वेळी ती गंमत वाटायची. मला ती पद्धत पुण्यात उपयोगी पडली.

तर आता माझी सूचना. शाळेला संगणक आणि मोठा टीव्ही द्यायचं ठरतंय. जरूर द्या, माझी वर्गणीही त्यात धरा. पण लाज यंत्रापुढे जात नाही, माणसापुढे जाते. म्हणून त्याच्या जोडीला एक तास मागते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, आठवी-नववीच्या मुलांसाठी, फक्त बोलण्याचा तास. आपल्यातले बारा जण पुढे आले तर प्रत्येकाला तीन महिन्यांतून एकदाच यावं लागेल. इंग्रजी उत्तम येणारेच हवेत असं नाही. बँकेत काउंटर सांभाळणारा, मुरबाडच्या एमआयडीसीत शिफ्ट लावणारा, हॉस्पिटलात नर्स असलेली, भेंडी परदेशी पाठवणारा, सगळे चालतील. आपल्या कामात जी वीस इंग्रजी वाक्यं रोज लागतात ती घेऊन या. मुलाखतीत काय विचारतात, फोनवर तक्रार कशी सांगायची, डॉक्टरने लिहून दिलेल्या चिठ्ठीत काय असतं, ती वाक्यं.

त्या तासाचे नियम तीनच. मूल बोलत असताना मध्ये थांबवायचं नाही. चुका मनात ठेवायच्या आणि शेवटी त्यातली एकाच प्रकारची घ्यायची, आज ‘डू’ तर आज फक्त ‘डू’. आणि कुणी कुणाला हसायचं नाही. वाक्य ऐकून सगळेच हसलो तर गोष्ट वेगळी, माणसाला हसायचं नाही.

पहिल्या शनिवारी कुठलं वाक्य शिकवायचं तेही सांगून ठेवते. माझ्या इटालियन विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य ते. “प्लीज से इट अगेन, स्लोली.” जरा परत सांगा, हळू सांगा. हे वाक्य ज्याला न लाजता म्हणता येतं त्याचं पुढे कुठेही अडत नाही, मग समोर साहेब असो, डॉक्टर असो की फोनवरचा अनोळखी आवाज. कारण आपल्याला कळलं नाही हे सांगण्याची सोय त्याच्यापाशी असते. ‘येत नाही’ म्हणून गप्प बसणं आणि ‘परत सांगा’ म्हणणं, यात पोराचं आयुष्य इकडचं तिकडे होतं. आपल्या वर्गातही ते झालेलं आहे, तुम्हाला नावं माहीत आहेत.

बाहेर नोंदणीच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. जूनपासूनच्या शनिवारांच्या तारखा तिच्यात लिहिल्या आहेत. पहिली तारीख माझी. दुसरी आपल्या त्या आपेवाल्या मित्राने घेतली आहे. तो म्हणाला, “मला गाडीच्या पार्टांची सगळी नावं इंग्रजीत येतात, तीच सांगेन.” अगदी तीच हवी आहेत. उरलेल्या तारखा जेवायला जाण्याआधी भरून टाका.